जुन्या मोटारीचे पथ्यपाणी

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हटकून विचारतात. पहिला, “किती देते?” आणि दुसरा, “हिला पेट्रोल कोणते घालता?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मालक थोडे फुगवून देतो आणि ऐकणारा ते मनातल्या मनात तेवढेच कमी करून घेतो, त्यामुळे व्यवहार बरोबर राहतो. दुसऱ्याचे उत्तर इतके सोपे नाही. मी मिरजेस शाळेत इतिहास शिकवीत असे, आणि २००४ साली घेतलेली १९९८ सालची मारुती ८०० मी अजून चालवतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. पण पेट्रोलच्या प्रश्नाचा माग काढीत गेलो तो निघाला सगळा इतिहासच. त्यात विषबाधा आहे, पेटंटे आहेत, पृथ्वीचे वय मोजणारा एक चिकट शास्त्रज्ञ आहे, आणि आमच्या मिरजेचे नावही आहे. फराळाच्या ताटाबरोबर तो वाचकांपुढे ठेवतो.

आधी एका आवाजाविषयी सांगितले पाहिजे. घाटाच्या चढावर गाडी वरच्या गिअरमध्येच ठेवून ॲक्सिलरेटर दाबला, की कधी कधी बॉनेटखालून टकटक असा आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. मिस्त्री म्हणतात, “इंजिन ठोकतंय.” सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, प्लगची ठिणगी पडते, आणि तेथून ज्वाला शिस्तीने पसरत जाते. पेट्रोल हलके असले, की ज्वाला पोहोचण्याच्या आधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकते. तो हा ठोका. तो फार दिवस चालू दिला, तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

आता गंमत अशी, की मिश्रण जितके जास्त दाबावे तितके काम त्याच पेट्रोलातून अधिक निघते. पण तितकाच ठोकाही जवळ येतो. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली निघाली तेव्हा तिचे इंजिन मिश्रणाला सुमारे साडेचार पट दाबीत असे. माझी मारुती साडेआठ पटींच्या वर दाबते. मधल्या काळात मोटारीच्या इंजिनाने जी काही प्रगती केली, तिच्या वाटेवर हा ठोका कोतवालासारखा उभा होता.

त्या कोतवालाला हटवण्याचे काम अमेरिकेत, ओहायो राज्यातील डेटन या गावी, चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत चालले होते. मोटारीला हँडल मारण्याच्या कष्टातून ज्याने जगाला सोडवले तो हाच केटरिंग. त्याचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत प्रथम बसला. त्याच्या हाताखाली १९१६ साली थॉमस मिजली नावाचा तरुण एंजिनियर आला. हा माणूस शिकलेला यंत्रशास्त्र, पण करू लागला रसायनशास्त्र. त्याची पहिली कल्पना तर कवीला शोभावी अशी होती. बर्फाखालीही फुलणारी एक रानवेल तिकडे आहे, तिच्या पानांना खालून तांबूस छटा असते. तांबडा रंग उष्णता शोषून घेतो म्हणून ती वेल लवकर फुलत असावी, तेव्हा इंधनही तांबडे केले तर? तेलात विरघळेल असा तांबडा रंग हाताशी नव्हता म्हणून त्याने आयोडीन घातले, आणि ठोका खरोखरच थांबला! रंगाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता हे मागाहून कळले, पण रस्ता सापडला होता. मग एकामागून एक द्रव्ये झाली. टेल्युरियमच्या संयुगांना तर लसणीचा असा दर्प होता, की तो अंगाला आणि कपड्यांना चिकटून राही. घरच्या मंडळींनी काय सोसले असेल ते देव जाणे.

९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाच्या एका संयुगाची पाळी आली. टेट्राएथिल लेड असे त्याचे नाव. गॅलनभर पेट्रोलात चमचाभरही लागत नसे, इतके ते प्रभावी. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमध्येच ते विक्रीस आले आणि त्याला नाव दिले ‘इथिल’. शिसे हा शब्द जाहिरातीत नव्हता. शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते असे मात्र समजू नका. ते प्राचीन काळापासून ठाऊक होते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका तेल कारखान्यात हे द्रव्य बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. कित्येकांना इस्पितळात नेले, आणि पाच जण दगावले. तेव्हा मिजलीने वार्ताहरांना बोलावले, त्यांच्यासमोर ते द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर त्याचा वासही घेतला. स्वतः शिशाच्या बाधेने आजारी पडून तो विश्रांतीला जाऊन आला होता, ही गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. १९२५ मध्ये विक्री थांबली, वॉशिंग्टनला परिषद भरली, समिती नेमली गेली. ॲलिस हॅमिल्टन या हार्वर्डच्या विदुषीने धोक्याचा इशारा दिला. १९२६ च्या आरंभी समितीचा निर्णय आला, की बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही; आणि विक्री पुन्हा सुरू झाली.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकते ती एक वेगळीच गोष्ट. ठोका थांबवणारे दुसरे द्रव्य डेटनच्या मंडळींना माहीत होते. ते म्हणजे मद्यार्क, ज्याला आज आपण इथेनॉल म्हणतो. मिजलीने स्वतः त्याचे प्रयोग केले होते. फोर्डही मद्यार्काचे गुण गात असे. मग तो मागे का पडला? इतिहासकार जी कारणे देतात त्यांतले एक असे, की मद्यार्क कोणीही शेतकरी गाळू शके, त्यावर कोणाचे पेटंट चालणार नव्हते. शिवाय तो शेकडा दहा-वीस टक्के घालावा लागे, म्हणजे तेवढे पेट्रोल कमी खपणार. शिशाच्या चमचाभर द्रव्याने दोन्ही अडचणी दूर झाल्या.

पेट्रोल किती ठोका सोसते हे मोजण्याची मोजपट्टीही याच धामधुमीत, १९२६ च्या सुमारास, ग्रॅहम एडगर याने बसवली. दोन शुद्ध द्रव्ये त्याने घेतली. आयसो-ऑक्टेन ठोकत नाही, त्याला १००. हेप्टेन लगेच ठोकते, त्याला ०. शुद्ध हेप्टेन तेव्हा मिळे एका जातीच्या पाइन वृक्षाच्या चिकापासून. पंपावर ९१ किंवा ९५ असा आकडा दिसतो त्याचा अर्थ एवढाच, की ते पेट्रोल शेकडा तितके आयसो-ऑक्टेन असलेल्या मिश्रणाइतका दाब सोसते. त्यात ‘ताकद’ किती याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या इंजिनाला ८७ पुरते त्याला ९७ चे पेट्रोल पाजणे म्हणजे दूध पचवणाऱ्या मुलाला श्रीखंडावर ठेवण्यासारखे आहे. मुलगा आनंदाने खाईल, बापाचा खिसा हलका होईल, उंची तेवढीच वाढेल.

शिशाचे पाप उघडकीस आणले ते मात्र मोटारीशी काही संबंध नसलेल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनशास्त्रज्ञ उल्केतील शिशावरून पृथ्वीचे वय काढीत होता, आणि ते त्याने १९५६ साली ४५५ कोटी वर्षे असे ठरवलेही. पण त्यासाठी त्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले, कारण त्याच्या प्रयोगशाळेत जिकडेतिकडे, हवेत, धुळीत, माणसांच्या केसांत, शिसेच शिसे होते. हे आले कोठून, या प्रश्नाच्या मागे तो लागला. समुद्राच्या खोल पाण्यात शिसे कमी आणि पृष्ठभागावर पुष्कळ, ग्रीनलंडच्या जुन्या बर्फात कमी आणि नव्यात पुष्कळ! १९६५ साली त्याने शिशाच्या प्रदूषणाचा प्रश्न उघडपणे मांडला आणि तेल व शिसे कंपन्यांचा रोष ओढवून घेतला.

पुढे १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरने बोस्टनजवळच्या शाळांतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत. आणि वर्गात त्यांचे लक्ष लागत नाही असे त्यांचे शिक्षक, त्यांना या मोजमापाची काहीही माहिती नसताना, लिहून देत. हे मी वाचले तेव्हा मी निवृत्त झालो होतो. आमच्या शाळेच्या खिडक्या हमरस्त्यावर उघडत. धूर आत येई, उन्हाळ्यात तर खिडक्या लावण्याची सोयच नव्हती. मागच्या बाकांवरच्या किती मुलांची नावे मला अजून आठवतात! त्यांचे दात कोणी मोजले नाहीत.

आपल्याकडे शिसे उशिरा गेले. १ एप्रिल १९९५ रोजी दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत शिसेविरहित पेट्रोल आले, तेही नव्या मोटारींच्या धुराड्यात बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी, कारण शिशाने तो कन्व्हर्टर निकामी होतो. मुलांसाठी नव्हे, कन्व्हर्टरसाठी, असो. १ फेब्रुवारी २००० पासून सर्व देशातले पेट्रोल शिशाविना झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तेथे २०२१ मध्ये ते संपले.

त्या वेळी जुन्या मोटारींच्या मालकांत मोठी घबराट उडाली होती. शिशाचा एक उपकार होता. व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर आपटतो तिच्यावर त्याचा बारीक लेप बसे आणि बैठक झिजत नसे. साध्या ओतीव लोखंडाच्या बैठकी असलेल्या गाड्यांना तो लेप गेल्यावर धोका होता. पण तो धोका मुख्यतः दूरवर भरधाव जाणाऱ्यांना. गावात तीस-चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्या फियाटी त्यानंतरही मजेत चालल्या. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीत तयार झालेली फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ३० ऑक्टोबर २०२३ पर्यंत होती, आणि तिने तर पेट्रोल सोडून सीएनजीही पचवला. मारुती ८०० ला ही चिंता मुळातच नव्हती. तिचा पिंड जपानी, आणि जपानने साध्या पेट्रोलातून शिसे १९७५ च्या सुमारासच काढून टाकले होते.

ही मारुती १४ डिसेंबर १९८३ रोजी रस्त्यावर आली आणि २०१४ च्या आरंभी बनायची बंद झाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मी घेतली तेव्हा सहा वर्षांची होती. जुनी गाडी घेताना काय पाहावे असे मला पुष्कळ जण विचारतात. आमच्या मिस्त्र्यांनी मला शिकवले ते असे. ते म्हणाले, “सर, मालकाला आधी सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. आणि गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा.” बॉनेट गरम लागले तर समजावे, की थंड इंजिन लवकर उठत नाही म्हणून आधीच उठवून ठेवले आहे. मग सुरू करून धूर पाहायचा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा किंवा व्हॉल्व्हची सिले गेली. काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडते, ते कार्बोरेटरवर भागते. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला तर पाणी आत शिरते आहे, मग नमस्कार करून घरी यावे. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचे पक्के उत्तर मिळाले नाही, तर तो न बदललेला धरावा. रबरी पट्टा तो, तुटताना पूर्वसूचना देत नाही. रंग आणि सीटकव्हरे शेवटी पाहावीत. विकणारा ती आधी दाखवतो.

ठोक्यावर मिस्त्र्यांचा इलाज डिस्ट्रिब्यूटरचा स्क्रू सैल करून तो केसभर फिरवण्याचा होता. ठिणगी थोडी उशिरा पडली की ठोका जातो. फार उशिरा पडली की गाडी सुस्त होते आणि पेट्रोल खाते. आंबा घाटाच्या पायथ्याशी थांबून त्यांनी हे दोनदा केले, कानाने. २००२ च्या सुमारास पंपांवर महागडी पेट्रोले निघाली, त्यांत मुख्यतः इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये असत. मी त्यांना विचारले, हे घालू का? ते म्हणाले, “त्या पैशात वेळेवर ऑइल बदला.” दर पाच हजार किलोमीटरला मी ते बदलत आलो आहे.

आणि आता तो मद्यार्क, डेटनला मागे पडलेला, परत आला आहे. आपल्याकडे तो अगदी नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा मोटारींच्या मागे भट्ट्या बसवून लोणारी कोळशाच्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे, हे वडीलधाऱ्यांकडून पुष्कळांनी ऐकले असेल. त्या टंचाईचा धडा ताजा असताना, १९४८ साली, मद्यार्क पेट्रोलात मिसळण्याविषयीचा कायदा झाला. कायदा पुस्तकात राहिला आणि २००० साली रद्द झाला. लगेच पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, सरकारने इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग सुरू केले, ते उत्तर प्रदेशात एके ठिकाणी, आणि महाराष्ट्रात मनमाडला व आमच्या मिरजेला. साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क, आणि भोवताली ऊसच ऊस. जागा बरोबर निवडली होती. २००३ पासून काही राज्यांत शेकडा पाच, मग दहा, आणि ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगलोरला वीस टक्क्यांच्या पेट्रोलचा आरंभ झाला. २०२५ पर्यंत ते देशभर पसरले.

ऊसवाल्या भागातला माणूस म्हणून मला यात आनंद आहे. मळीला किंमत आली, कारखान्याची देणी लवकर फिटू लागली. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायचे पाणी आगगाडीने गेले ते मिरजेहूनच. त्या टाक्या भरताना स्टेशनवर बघ्यांची गर्दी झाली होती. ऊस हे किती तहानलेले पीक आहे हे मिरजेतल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आता मका आणि तांदूळ यांपासूनही पुष्कळ इथेनॉल होते, त्याचे हिशेब वेगळे. ते जाणत्यांनी करावेत; मी गाडीकडे वळतो.

माझ्या गाडीच्या दृष्टीने या पेट्रोलाचे गुण आणि दोष दोन्ही आहेत. ठोका पार गेला. वीस टक्क्यांच्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९५ आहे, माझ्या इंजिनाच्या गरजेहून कितीतरी अधिक. पण मद्यार्कात उष्णता पेट्रोलाच्या दोनतृतीयांश, त्यामुळे लिटरमागे धाव थोडी घटते. त्यात प्राणवायू असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडते. सकाळी चोक जरा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. मद्यार्क पाणी शोषतो, आणि पाणी फार झाले की दोघे मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. जुन्या टाकीतला गाळ तो सोडवतो आणि फिल्टर तुंबतो. जुने रबर फुगते, मऊ पडते, चिरते.

तेव्हा पथ्य असे ठेवले आहे. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून मद्यार्क सोसणारे बसवले. फिल्टर आरंभी दोनदा लवकर बदलला, आता नेहमीच्या मुदतीने. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही. आठवड्यातून एकदा तरी नरसोबाच्या वाडीपर्यंत जाऊन यायचे. देवदर्शन होते आणि टाकीत ताजे पेट्रोल खेळते राहते. परगावी मुलाकडे लांब मुक्कामाला जायचे असेल, तर टाकी जवळजवळ रिकामी करून जातो. २०२० च्या डिसेंबरात १०० ऑक्टेनचे एक फार महाग पेट्रोल निघाले. त्यात इथेनॉल नसते म्हणून काही जुन्या गाड्यांचे मालक ते शोधत फिरू लागले. वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या जपून ठेवलेल्या फियाटीला ते ठीक आहे. रोजच्या गाडीला नळ्याच बदलाव्यात.

खर्च होतो, नाही असे नाही. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणीची फेरफी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांना दहा हजार. मुलगा म्हणतो, “बाबा, आता पुरे.” सौभाग्यवती म्हणतात, “राहू दे रे, घरात दुसरं कोण त्यांचं ऐकतं?”

कोणाला आपल्या पंपावरच्या पेट्रोलात मद्यार्क किती आहे हे पाहायचे असेल, तर शाळेच्या प्रयोगशाळेतले उंच मोजपात्र घ्यावे. त्यात दहा मिलिलिटर पाणी, वर शंभर मिलिलिटर पेट्रोल. तोंड बंद करून हलवावे, अधूनमधून तोंड किंचित सैल करून वाफ सोडावी, आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. मद्यार्क पेट्रोलाला सोडून पाण्यात उतरतो आणि खालचा थर वाढतो. वाढला तितके टक्के, थोडाफार फरक धरून. मी गेल्या पावसाळ्यात केले तेव्हा खालचा थर दहाचा एकोणतीसपर्यंत चढला होता. हे करायचे ते मात्र अंगणात, दिवसा, आणि पणत्या-फुलबाज्यांचे दिवस संपल्यावर.